तांबड्याचं दुसरं नाव

भाऊजी जाऊन दोन महिने होत आले, तरी त्यांचे बैल काही ह्यांच्या हाताला येत नव्हते.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही, घड्याळ बांधलं नाही, डाव्या पायात कुठली चप्पल घातली आहे हे कधी बघितलं नाही. एकदा मी त्यांना मीठ आणायला पाठवलं, तर अकराव्या दिवशी आले. मीठ घेऊनच आले. मधले दिवस कुठल्याशा फिरत्या खेळवाल्यांबरोबर होते. पाण्याच्या टाकीवर फळीवर बसायचं आणि लोकांनी चेंडू मारून खाली पाडायचं, हे त्यांचं तिथलं काम. “लोक फार खूश होतात वहिनी, मला पडताना बघून,” असं वर मलाच सांगितलं. पुलावरून नदीत उड्या मारणारा हा माणूस शेवटी खाटेवर, चार दिवसांच्या तापाने गेला. गावाला ते अजून पटलेलं नाही. मलाही नाही.

आमचे हे त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठे. गावात ह्यांना थोरले म्हणतात. दोघे एका आईचे आहेत हे नव्या माणसाला सांगावं लागायचं. हे दिवसाकाठी मोजून चाळीस शब्द बोलतात, त्यातले निम्मे ‘नको’ आणि ‘पुरे’. भाऊजी गेले त्या दिवशी हे रडले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी गोठा धुतला, बैल धुतले, भाऊजींचा कासरा खुंटीवरून काढून स्वतःच्या खुंटीला लावला. मी म्हटलं, आता काहीतरी बोलतील. तर म्हणाले, “उन्हाळा संपायला किती दिवस राहिले?”

ते विचारायला कारण होतं. आमची खालची जमीन नदीला लागून. गेल्या पुरात नदीने काठ पोखरला आणि घराच्या अंगणाएवढी माती एका रात्रीत नेली. विहीर आता काठापासून बावीस पावलांवर होती. हे रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी ती पावलं मोजून यायचे. काठाला दगडांची भिंत लावली नाही, तर पुढच्या पाण्यात विहीर जाणार, आणि विहीर गेली की जमीन असून नसल्यासारखी. दगड होता तो टेकडीवर. वाट अरुंद आणि उताराची, तिच्यावर ट्रॅक्टर घातलेल्या एकाचा ट्रॅक्टर अजून ओढ्यात उलटा पडला आहे. त्यामुळे बैल, आणि बिनचाकांची गाडी. दोन जाड ओंडके, त्यांवर फळ्या, पुढे साखळी. दगड तिच्यावर चढवायचा आणि घसरत खाली आणायचा. साठ खेपा लागणार होत्या आणि हातात वीस दिवस होते.

भाऊजी हे काम सहा वर्षं करत होते. गावातल्या निम्म्या घरांच्या पायाचा दगड त्यांनीच खाली आणला. हे शेत बघायचे आणि भाऊजी टेकडी. दोघांचं त्यामुळे बरं चाललं होतं, कारण दिवसभर तोंड बघायला लागत नसे.

पहिल्या दिवशी हे बैल घेऊन वर गेले, मागून मी. माझ्याकडे मागचा दोर. वर पाथरवट बसला होता. हा भाऊजींचा जुना दोस्त. दगडात पाचरा ठोकून तो असा फोडतो की आतून कापल्यासारखा सपाट निघतो. त्याने चार दगड काढून ठेवले होते. पहारीने ते गाडीवर सरकवले, साखळ्या आवळल्या, आणि ह्यांनी जिभेने टक टक केलं.

बैल हलले नाहीत.

ह्यांनी कासरा झटकला. पांढऱ्याने तांबड्याकडे बघितलं. तांबडा समोर बघत होता. ह्यांनी चाबूक काढला. दोन फटके बसल्यावर तांबडा पुढचे गुडघे मोडून सरळ खाली बसला. जू वाकडं झालं, तसा पांढराही बसला.

“थोरले, त्यांना खुर्च्या आणू का?” पाथरवट म्हणाला.

वाटेने सरपण घेऊन चाललेल्या तीन बायका होत्या. त्या हसल्या. ह्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एरवी ह्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही, सगळं कानात जमा होतं.

मारून मारून त्या दिवशी एक खेप झाली. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी पुन्हा एकच, कारण साखळी तुटली. बैल चालत, पण मार खाऊन, तिरके, एकमेकांना ढकलत. उतारावर तर जीव मुठीत धरावा लागे. वाटेत मध्यावर एक वळण आहे आणि वळणावर तोडलेल्या झाडाचा बुंधा. तिथे बैल थांबवायचे, मागचा दोर बुंध्याला दोन वेढे द्यायचा आणि मग भार हळूहळू सोडायचा. थांबले नाहीत तर गाडीच बैलांना पुढे लोटते. हे कासरा ओढून ओढून वेसणीशी रक्त काढायचे, आणि तरी बैल बुंध्यापासून चार पावलं पुढे जाऊनच थांबायचे. संध्याकाळी ह्यांचे तळहात उघडत नसत. मी कोमट पाण्यात धरायची, तेव्हा बोटं एकेक करून सुटायची.

“भाऊजी कसे करायचे हे?” एकदा मी विचारलं. विचारायला नको होतं, कारण उत्तर मला माहीत होतं.

“तो कुठे काम करायचा,” हे म्हणाले. “मजा करायचा. बैल लाडावून ठेवलेत.”

मी पाणी फेकून द्यायला बाहेर गेले.

आता ते सांगते. सहा वर्षांपूर्वी मी भाऊजींचा डबा घेऊन पहिल्यांदा टेकडीवर गेले, तेव्हा वळणाच्या अलीकडेच मला त्यांचा आवाज ऐकू आला. “दादा, कपाळाला आठ्या घातल्या की चढ कमी होतो का रे?” मला वाटलं, हे इथे कसे? मी घाबरून पदर सावरला. पुढे जाऊन बघते, तर भाऊजी तांबड्याच्या कपाळावर हात फिरवत होते. त्या बैलाच्या कपाळावर खरोखरच तीन आठ्या आहेत. चालतोही तो ह्यांच्यासारखाच, मान खाली घालून, वाट आपल्याच बापाची असल्यासारखा. खाली गोठ्यात त्याचं नाव तांबडा. वर टेकडीवर त्याचं नाव दादा.

मी तिथेच दगडावर बसले आणि पोट धरून हसले. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, त्यात मी इतकी हसले नव्हते. भाऊजी आधी चपापले, मग माझ्या पायाशी वाकले. “वहिनी, खाली सांगू नका. दादाला मला खूप काही सांगायचं असतं, पण तो ऐकून घेत नाही. हा घेतो.”

मी सांगितलं नाही. आधी गंमत म्हणून सांगितलं नाही, मग सवय म्हणून. नंतर भीती वाटायला लागली. कारण पाथरवटाला माहीत झालं, सरपणवाल्या बायकांना माहीत झालं, होता होता सगळ्या गावाला माहीत झालं. ह्यांना सोडून. लोक ह्यांना वाटेत भेटले की जरा जास्तच गंभीरपणे बोलायचे, आणि ह्यांना वाटायचं, आपल्याला मान आहे. आणि मी? मी हातातली कामं टाकून डबा घेऊन वर जायची. भूक भाऊजींना लागलेली असायची, पण घाई मला असायची. आपल्या नवऱ्याची टिंगल ऐकायला बायको रोज टेकडी चढते, हे कोणाला सांगण्यासारखं आहे का?

टिंगल म्हणते, पण तेवढीच ती नव्हती. भाऊजी त्या बैलाला रागवायचे, चिडवायचे, आणि मध्येच एखादी गोष्ट अशी सांगायचे की मी दुसरीकडे बघायची. “दादा, मला शिकवायला तू स्वतःची शाळा सोडलीस, मला कॉलेजला पाठवलंस. मी दोन महिन्यांत पळून आलो. तू एक अक्षर बोलला नाहीस. तेव्हा दोन थोबाडीत ठेवून द्यायच्या होत्यास.” बैल कान हलवायचा. निघणं, थांबणं, त्याचं सगळं ह्या बोलण्यावरच चालायचं. पांढरा आपला तांबडा जाईल तिकडे जायचा. त्याला भाऊजींनी नाव ठेवलं नव्हतं. तो म्हणजे मी असणार, असं मला कधी कधी वाटायचं.

नवव्या दिवसापर्यंत अकरा खेपा झाल्या. विहीर वीस पावलांवर आली होती, पाणी नसतानाच काठाची माती वाळून ढासळत होती. नवव्या दिवशी संध्याकाळी हे जेवताना म्हणाले, “शुक्रवारी दलाल येतोय. जोडी बदलून घेतो.”

“आणि हे बैल?”

“पांढरा कुठेतरी कामाला लागेल.”

“तांबडा?”

ह्यांनी ताट पुढे सरकवलं. “म्हातारा झालाय तो. त्याचं काय करायचं ते दलालाला माहीत.”

मी त्याच वेळी तोंड उघडायला हवं होतं. एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. पण त्या एका वाक्यामागून सहा वर्षं आली असती, आणि गेलेल्या माणसाची चुगली केल्यासारखं झालं असतं. आणि खरं सांगायचं तर मला स्वतःला वाचवायचं होतं. शुक्रवारला अजून तीन दिवस आहेत, असं मी मनाला सांगितलं आणि भांडी घासायला घेतली.

बुधवारी सकाळी मोठा दगड निघाला. पाथरवट खूश होता. “भिंतीच्या तळाला हाच घाला थोरले, नदी डोकं आपटून मरेल.” तो दगड गाडीवर चढवायला तिघांना तासभर लागला. ह्यांचा सदरा पाठीला चिकटला होता आणि मानेवर मातीच्या रेघा ओघळल्या होत्या. ऊन असं होतं की पहार हातात धरवत नव्हती, मी तिला ओलं फडकं गुंडाळलं.

चाबकाने बैल निघाले. उतार लागला. मी मागे दोर धरून, टाचा रोवत चालत होते. हे पुढे तांबड्याच्या तोंडाशी, एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला बैल, अशा मधल्या जागेत. वळण आलं. ह्यांनी कासरा ओढला. बैल थांबले नाहीत. बुंधा गेला. दोर माझ्या हातातून सुटायला लागला, तळवे भाजले. गाडी बैलांच्या मागच्या पायांवर आली, बैल बिचकले, आणि ह्यांचा पाय घसरला. मला फक्त ह्यांचं डोकं दिसलं, जुवाच्या खाली, आणि तांबड्याचा खूर त्याच्या शेजारी.

“दादा!” मी ओरडले. “दमलास रे! टेक जरा!”

तांबडा जागच्या जागी थांबला. पुढचे दोन्ही पाय त्याने असे रोवले की खडी उडाली. पांढरा त्याच्या अंगावर आपटून थांबला. गाडी करकरली आणि वाकडी होऊन कातळाला टेकली. सगळं गप्प झालं. वरून पाथरवट धावत येत असल्याचा आवाज तेवढा येत होता.

हे जुवाखालून सरपटत बाहेर आले. कोपर सोलला होता, बाकी काही नाही. उठून त्यांनी आधी बैलाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“कोणाला म्हणालीस?”

मी भाजलेले तळवे पदरात गुंडाळले.

“मला तू दादा म्हणत नाहीस.”

पाथरवट येऊन पोचला होता. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि टोपी काढून हातात घेतली. ह्यांनी त्याच्याकडेही बघितलं. मग ह्यांना कळलं. कसं कळलं ते मी सांगू शकत नाही, पण मी ते कळताना बघितलं. कान लाल झाले नाहीत. कान पांढरे पडले.

“किती वर्षं?”

“सहा,” मी म्हटलं.

“गावाला?”

“थोरले, तसं कोणाच्या मनात काही...” पाथरवट म्हणाला.

“तुला नाही विचारलं.”

“सगळ्यांना,” मी म्हटलं.

ह्यांनी मान हलवली. मग वाकून दोर उचलला, बुंध्याला दोन वेढे दिले, आणि पहारीने गाडी सरळ केली. त्या दगडाची खेप ह्यांनी पूर्ण केली. वाटेत थांबायचं आलं की प्रत्येक वेळी मीच बैलांना हाक मारली, हलक्या आवाजात, चोरी पकडल्यासारखी. बैल माझं ऐकत होते. हे बाजूने चालत होते. त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि त्यांच्याकडे मला बघवत नव्हतं.

घरी ते बोलले नाहीत. एरवी बोलत नाहीत ते वेगळं आणि हे वेगळं, चौदा आणि सहा वीस वर्षांत एवढं मला कळतं. पाणी दिलं, घेतलं. कोपराला हळद लावायला गेले, तर हात काढून घेतला. जेवण झाल्यावर मीच म्हटलं, “मी पण हसायची. भाऊजींइतकीच चूक माझी. त्यांना तरी बैल चालवायचे होते.”

ह्यांनी आपलं ताट उचलून मोरीत ठेवलं.

“तो आणखी काय म्हणायचा?” हे म्हणाले.

“कोणाला?”

“मला.”

मग मी सांगितलं. आठ्यांचं सांगितलं. कंजूषपणाचं सांगितलं, घोरण्याचं सांगितलं. तुमच्यासारखं गंभीर तोंड करून शेजाऱ्यांच्या म्हशीला राम राम करायचे, तेही सांगितलं. ह्यांच्या तोंडाची रेघ हलली नाही. मग मी कॉलेजचं सांगितलं. दोन थोबाडीत द्यायच्या होत्यास, म्हणायचे. तेव्हा हे उठले आणि गोठ्याकडे गेले. परत आले तेव्हा हाताला बैलाच्या अंगाचा वास होता.

गुरुवारी सकाळी ते माझ्या आधी उठून वर गेलेले. मी पोचले तर गाडी भरलेली, साखळ्या आवळलेल्या, बैल जुंपलेले. चाबूक मात्र दिसेना. पाथरवट लांब जाऊन, आमच्याकडे पाठ करून एका दगडावर उगाच छिन्नी चालवत होता. सरपणवाल्या बायका वाटेवर होत्या, त्यांनी आम्हाला बघून पाय उचलला.

“थांबवायचं कळलं,” हे म्हणाले. “निघायचं काय म्हणायचा?”

हीच वेळ मला नको होती.

“मी म्हणते. तुम्ही कासरा धरा.”

“तू रोज येणार आहेस का? अजून पन्नासेक खेपा राहिल्यात. सांग.”

“ते तुम्हाला नाही म्हणवणार.”

“सांग म्हटलं ना.”

मी सांगितलं. खालमानेने सांगितलं. तांबड्याच्या कपाळावरच्या आठ्यांवरून भाऊजींना ते सुचलं होतं, रोज सकाळी पहिल्या खेपेला ते त्याच्यापुढे कमरेवर हात ठेवून उभे राहायचे आणि तेच म्हणायचे. तेव्हा ते ऐकून मी हसून हसून मरायची.

ह्यांनी ऐकून घेतलं आणि ते तांबड्याच्या समोर जाऊन उभे राहिले. कासरा हातात. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. तांबड्याने एक कान वळवला, एवढंच.

“गुरकावून नाही,” मी म्हटलं. “ते हसून म्हणायचे.”

“मला हसता येत नाही.”

“मग नुसतं मोठ्याने म्हणा.”

छिन्नीचा आवाज थांबला होता. बायकाही वाटेत थांबल्या होत्या, पण आज कोणी हसत नव्हतं. ह्यांनी टोपी नीट केली. कमरेवर हात ठेवायला गेले आणि एकच ठेवला, दुसऱ्यात कासरा होता. उंच, वाळका, मातीने भरलेला माणूस, समोर त्याच्यासारखाच बैल.

“तोंड कशाला पाडलंय, दादा?” हे म्हणाले. आवाज सबंध टेकडीला ऐकू गेला. “कोण मेलंय?”

तांबड्याने मान वर केली. ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांचा चेहरा असा झाला की वीस वर्षांत मी तो पाहिला नव्हता.

“माझा भाऊ मेलाय रे,” हे म्हणाले.

पण बैल तोवर चालायला लागले होते. एका दमात, सरळ, दोघे मिळून. ह्यांना कासरा धरून, डोळे पुसत, बाजूने पळावं लागलं.